दुपट्ट्याखालचा भाव

मौजा बोरखेडी, घर क्रमांक एकशे बारा.
टेपचं एक टोक गुणवंत ढोक धरतो,
दुसरं मी.
मागची भिंत सोळा इंची, मातीची,
वर कवेलू, सागाची मयाल.
पुढचे दोन खण नवे, स्लॅबचे.
विहिरीला उन्हाळाभर पाणी,
हे तो दोनदा सांगतो.
सगळं मोजून होतं.
घर काही लपवत नाही.

मग मी विचारतो,
आजूबाजूची घरं कितीला गेली?
आणि अंगणात एकदम
फक्त कोंबडीच बोलत राहते.

पूर्वेस धनराज नेवारे. कागदावर सात लाख,
पानठेल्यावर सोळा.
धनराज सुपारी कातरतो:
"मले आता आठोत नाई बा. कागदावर असन तेच."
उत्तरेस साडेसहा. विकणारा पुण्यात असतो,
फोन उचलतो, नेटवर्क नाही म्हणतो, ठेवतो.
दक्षिणेस साडेसात. तिथली सून सांगायला लागते
तर आतून सासऱ्याचा खोकला येतो,
खोकला न झालेल्या माणसाचा.

माझा बाप बैलबाजारात दलाल होता.
दुपट्ट्याखाली दोन हात जायचे,
बोटं दाबली जायची, सोडली जायची,
वर तोंडं सोयरिकीचं बोलत असायची
आणि बैल मधोमध रवंथ करत.
पण बाजार उठला की
तो दुपट्टा झटकून खांद्यावर यायचा.
या घरांवरचा
कोणी उचलतच नाही.

पश्चिमेस कौतिका झोटिंग, रिटायर नर्सबाई.
कागदावर एकोणीस लाख.
दिले एकोणीस लाख, चेकनं.
दस्तलेखकानं पेन थांबवला होता म्हणे,
"बाई, एवढे काहून लिवता? स्टॅम्प वाढते ना."
"बत्तीस वर्सं जेवढे सीसी टोचले
तेवढेच रजिस्टरात लिवले.
आता बुढापणी हात वळत नाई."
गाव अजून हसतं. बाई फसली म्हणतं.

गुणवंतला वेल्डिंगच्या दुकानासाठी
बारा लाख हवेत, बँकेला माझा आकडा.
माझ्यासमोर नोंदलेले चार व्यवहार.
तिघं एकमेकांना धरून उभे,
चौथा लांब, एकटा.
जो फार लांब, तो वगळायचा, अशी आमची रीत.
मी लिहितो:
व्यवहार चार बाजारभावाशी विसंगत,
सबब विचारात घेतला नाही.
लिहिताना अक्षर चांगलं येतं, याचीच लाज वाटते.
एकवीस भागिले तीन.
सात.

"सात कायचे, साहेब? फरशीच दोन लाखाची हाय!"
मी त्याचंच खरेदीखत
त्याच्याकडे सरकवतो. आठ वर्षांपूर्वीचं. चार लाख.
तो वाचत नाही.
उरलेले पाच सिमेंटच्या पिशवीतून गेले होते,
आणि रिकामी पिशवी
त्यानं आठवणीनं परत मागून घेतली होती.
ती अजून न्हाणीपाशी आहे, पायपुसणं म्हणून.
आम्ही दोघंही तिच्याकडे बघतो.
"मंग आता खरं सांगतो ना," तो म्हणतो,
"आता खरं लिवा."
कुठे लिहू, गुणवंत?
खऱ्यासाठी या फॉर्मात रकाना आहे,
पण त्याला पुरावा लागतो,
आणि पुरावा तू स्वतः सही करून
खोटा ठरवलास.

निघताना नर्सबाई फाटकात उभी.
"माह्या घराचं काई आलं का त्यात?"
"आलं," मी म्हणतो.
टेप गुंडाळताना शेवटचा फूटभर
सटकन बोटाला लागतो.

आर्वीला माझंही घर आहे, नव्या ले-आउटमध्ये.
कुणाच्या तरी पूर्वेस.
कागदावर नऊ लाख.